‘औषध नाही हो, नुसता काढा आहे’

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: त्यांचे वडील ६७ वर्षांचे. पाच महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं अडखळू लागलं. लहानपणच्या तापात हृदयाची एक झडप आखडली होती, ठोकेही अनियमित होते. तिथे तयार झालेली गुठळी मेंदूत गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅसिनोकुमारॉलची गोळी चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी आत्याने लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर आणि मध यांचा काढा सुरू करून दिला. अमेरिकेतल्या भावाने हळदीच्या अर्काच्या आणि गिंको नावाच्या वनस्पतीच्या कॅप्सूल पाठवल्या. गेल्या आठवड्यात दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, आयएनआर, ५.२ निघाला, एरवी अडीचच्या आसपास असायचा. डॉक्टरांनी विचारलं, “दुसरं काही घेतात का?” ताई “नाही” म्हणाल्या. डॉक्टरांनी गोळी दोन दिवस बंद ठेवून डोस कमी केला. बाबा म्हणतात, काढ्यामुळेच हात उचलायला लागला. आत्या म्हणते, ती उंदीर मारायच्या औषधाची गोळी आहे, तीच बंद करा. ताईंच्या मनात आहे की वाद नको, काढा आणि कॅप्सूल गुपचूप बंद करून टाकाव्यात. त्या विचारतात, “हे बरोबर होईल ना?”

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या: स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, काही वाढवू नका, आजच डॉक्टरांना फोन करून सगळं सांगा. तो फोन अजून केला नसेल, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आधी तो करा. सविस्तर उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

गुपचूप बंद करण्याचा विचार वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो. घरात भांडण नाही, डॉक्टरांची बोलणी नाहीत, आणि जे त्रासदायक आहे तेही गेलं. पण डॉक्टरांनी डोस कमी केला तो कशावरून? काढा आणि कॅप्सूल पोटात जात असताना आलेल्या आकड्यावरून. त्या काढून घेतल्या की काही दिवसांत त्यांचा परिणाम ओसरेल आणि गोळी मात्र कमी डोसचीच राहील. हिरड्यांतलं रक्त थांबेल, घरात सगळ्यांना हायसं वाटेल. आतमध्ये मात्र आयएनआर दोनच्या खाली घसरलेला असू शकतो आणि आखडलेल्या झडपेमागे तुंबलेलं रक्त पुन्हा गोठू लागलेलं असू शकतं. पहिला झटका असाच आला होता. म्हणजे तुम्ही काळजीपोटी उचललेलं पाऊलच त्यांना दुसऱ्या झटक्याकडे नेऊ शकतं, आणि डॉक्टरांना कारण कधीच कळणार नाही.

ही गोळी इतर गोळ्यांसारखी नाही. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागतं. गोळी त्या कामात अडथळा आणते. किती अडथळा पुरेसा, हे प्रत्येक माणसात वेगळं, म्हणून आयएनआर तपासून डोस बसवावा लागतो. बहुतेक रुग्णांत तो दोन ते तीनच्या मध्ये ठेवतात. काही कृत्रिम झडपांसाठी थोडा वर. दोनच्या खाली गुठळीची भीती, फार वर गेला की रक्तस्रावाची. डोस बदलला तरी परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात, कारण आधी तयार झालेले घटक रक्तात हळूहळूच संपतात. थोडक्यात, बाबांचा डोस हा बाबांच्या ताटाशी, त्यांच्या इतर गोळ्यांशी, त्यांच्या यकृताशी जुळवून घेतलेला आहे. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही त्यात तीन गोष्टी घातल्यात आणि डोस जुळवणाऱ्यालाच सांगितलं नाही.

हे मी ओरडायला लिहीत नाही. तुम्ही खोटं बोललात असंही मला वाटत नाही. मी बरीच वर्षं रुग्णालयाच्या औषध विभागात काम केलं. “आणखी कुठली औषधं घेता?” या प्रश्नाला दहातल्या नऊ घरांतून “नाही” असंच उत्तर यायचं. मग विचारायची सवय लागली, “सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत यांच्या पोटात काय काय जातं?” तेव्हा पिशवीतून एकेक बाहेर यायचं: गुळवेलीचा रस, मेथीदाण्याचं पाणी, कुणी हरिद्वारहून आणलेली पूड, गुडघ्यासाठीच्या गोळ्या. माणसं लपवत नव्हती. काढा हे औषध आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. तुमचंही तेच झालं, शिवाय थोडी डॉक्टरांची भीती. प्रश्न नीट विचारणं ही आम्हा मंडळींचीही जबाबदारी आहे.

आता आत्यांचं म्हणणं. उंदराच्या औषधाची गोष्ट त्यांनी मनाने रचलेली नाही. १९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं अचानक रक्तस्रावाने मरू लागली. शिंग कापलं, खच्ची केलं, एवढ्यानेही रक्त थांबेना. कारण निघालं ते स्वीट क्लोव्हर नावाच्या गोड वासाच्या चाऱ्यात. ओलसर राहून बुरशी आलेला हा चारा गुरांनी खाल्ला होता. १९३३च्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेली गाय आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन बर्फातून विस्कॉन्सिन विद्यापीठात पोहोचला. तिथे कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने काही वर्षांच्या खटपटीनंतर त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं केलं. त्याच्याच धर्तीवर वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं द्रव्य तयार झालं. १९४८मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४मध्ये माणसांसाठी मान्य झालं, आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिलं गेलं. बाबांची गोळी याच घराण्यातली.

म्हणजे आत्यांची माहिती बरोबर आहे, पण त्यातून निघतं ते उलटंच. ही गोळी मुळात एका चाऱ्यातून आली. ‘वनस्पतीचं आहे, त्याने काय होणार’ हे खरं असतं, तर त्या गाई मेल्या नसत्या. विष की औषध हे मात्रेवर ठरतं, आणि ती मात्रा मोजायला बाबांच्या गोळीसाठी आयएनआर आहे. काढ्याची मात्रा कोण मोजतंय? लसणाच्या पाकळ्या रोज तितक्याच असतात का, काढा रोज तितकाच आटवला जातो का, हे आत्यांनाही सांगता येणार नाही.

माझा सगळ्यात जास्त संशय भावाने पाठवलेल्या हळदीच्या कॅप्सूलवर आहे. भाऊ म्हणेल, “हळद तर आपण रोज खातो!” खातोच, आणि भाजी-आमटीतल्या हळदीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हिशेब करून पाहा. हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के असतं. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम करक्युमिन असेल, तर ती सोळा-सतरा ग्रॅम हळद झाली. चार-पाच चमचे. एवढी हळद आमटीत पडली तर पातेलं ओतून द्यावं लागेल. त्यातून डबीवर मिरीचा अर्क, म्हणजे पायपरिन, लिहिलं आहे का ते बघा. बहुतेक कॅप्सूलमध्ये असतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८मध्ये दाखवलं की २० मिलिग्रॅम पायपरिन सोबत दिलं की माणसाच्या रक्तात करक्युमिन वीस पटींनी जास्त पोहोचतं. कंपन्या हे अभिमानाने छापतात. मिरी इतर औषधांचा निचराही मंदावू शकते, हे मात्र छापत नाहीत. २०१८मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने जाहीर इशारा दिला होता: वॉरफरिनवर स्थिर असलेल्या एका रुग्णाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर दहाच्या वर गेला.

लसूण, आलं आणि गिंको यांबाबत मी तितक्या ठामपणे बोलणार नाही, कारण पुरावा तितका ठाम नाही. तिन्ही गोष्टी प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या चिकटणाऱ्या कणांचं काम थोडं ढिलं करतात असं प्रयोगांत दिसतं. गिंको घेणाऱ्यांत रक्तस्राव झाल्याच्या नोंदी आहेत. उलट निरोगी माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत आयएनआर फारसा हललेला नाही. पण बाबा निरोगी स्वयंसेवक नाहीत, आणि ते एक गोष्ट घेत नाहीत, चार घेतात. शिवाय प्लेटलेटवरचा परिणाम आयएनआरमध्ये दिसत नाही. आकडा छान आणि तरी रक्त थांबत नाही, असं होऊ शकतं.

हे सगळं वाचून ‘आयएनआर काढ्याने आणि कॅप्सूलनेच वाढला’ असं मात्र धरून चालू नका. गेल्या महिन्यात बाबांनी एखादं अँटिबायोटिक घेतलं होतं का? जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल? जेवण कमी झालं होतं का? गोळी चुकून दोनदा दिली गेली का? अंगदुखीवर कुणी डायक्लोफेनॅक दिलं का? डायक्लोफेनॅक आयएनआर फारसा हलवत नाही, पण पोटात रक्तस्राव करू शकते. ही यादीही डॉक्टरांना द्या.

आता बाबांचा हात. त्यांचा हात सुधारतोय हे वाचून खरंच बरं वाटलं, आणि त्यांचा आनंद खोडून काढू नका. पक्षाघातानंतर मेंदू स्वतःला सावरतो. सगळ्यात वेगाने पहिल्या तीन महिन्यांत, आणि पुढे व्यायाम चालू राहिला तर कितीतरी महिने. काढा सुरू झाला तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, म्हणजे हात तसाही वर येण्याच्या दिवसांत. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो तसा. पण बाबांना हे असं समजावून पटणार नाही. त्यांच्या जागी बसून पाहा: गोळी डॉक्टरांची, व्यायाम फिजिओथेरपिस्टचा, जेवण तुम्ही भरवाल ते, बोलायला जावं तर शब्द सापडत नाही. सकाळचा काढा ही एकच गोष्ट त्यांनी स्वतः निवडलेली आहे. तुम्ही तो गुपचूप काढून घेतलात आणि त्यांना कळलं, तर पुढे ते तुमच्या हातची गोळीही संशयाने बघतील. म्हणून त्यांच्याशी बोलूनच करा. पेला राहू दे, वेळ राहू दे, आत्याही राहू दे. आत काय असावं एवढंच बदला. कोमट पाणी, लिंबू आणि, मधुमेह नसेल तर, चमचाभर मध याला बहुधा डॉक्टरांची हरकत नसेल. लसूण फोडणीत येतो तेवढा येऊ दे.

आत्यांना मात्र बोलवाच, आणि पुढच्या भेटीला सोबत न्या. त्या दोन महिने रोज लसूण सोलत बसल्या आहेत. त्यांना स्वयंपाकघरातून हाकलून काही साधणार नाही. आयएनआरची वही त्यांच्याकडे सोपवा: तारीख, आकडा, डोस, पुढची तपासणी. ज्या माणसाला काहीतरी करायचं आहे त्याला खरं काम मिळालं पाहिजे.

डॉक्टरांना काय सांगायचं, ते लिहूनच देते, कारण तिथे गेल्यावर घसा कोरडा पडतो. “डॉक्टर, मागच्या वेळी मी नाही म्हटलं ते चुकलं. बाबा दोन महिने लसूण-आल्याचा काढा, हळदीची कॅप्सूल आणि गिंको घेत होते. आयएनआर आला तेव्हाही चालू होतं. आता हे बंद करायचं तर गोळीचा डोस काय ठेवू आणि आयएनआर पुन्हा कधी करू?” डब्यांचे फोटो पाठवा, मागच्या बाजूचे, जिथे घटक लिहिलेले असतात. डॉक्टर चिडले तर चिडू देत. बहुतेक ते कॅप्सूल आणि काढा थांबवायला सांगतील आणि काही दिवसांतच आयएनआर मागतील, नंतर बहुधा आणखी एकदा. तो निर्णय मात्र त्यांचा.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंत, आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्या का देत नाहीत. बाबांच्या बाबतीत कारण त्यांच्या झडपेत आहे. संधिवाताच्या तापाने आखडलेली झडप आणि अनियमित ठोके असलेल्या रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, भारतातले रुग्णही तिच्यात होते. २०२२मध्ये निकाल आला: नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या घराण्यातल्या गोळीवरचे रुग्ण जास्त वाचले. म्हणून डॉक्टर जुनीच देत असणार, कंजुषी म्हणून नव्हे. धातूच्या कृत्रिम झडपेलाही नव्या गोळ्या चालत नाहीत.

ज्या वाचकांच्या घरी डॅबिगॅट्रान, अ‍ॅपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन चालू आहे, त्यांनी मात्र ‘आम्हाला हे लागू नाही’ असं समजू नये. पालकासारख्या भाज्यांतल्या ‘के’ जीवनसत्त्वाचा प्रश्न त्यांना नाही, पण वनस्पतींचा आहे. मन हलकं व्हावं म्हणून परदेशात सर्रास विकली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती या गोळ्या शरीरातून लवकर बाहेर काढते; वॉरफरिनच्या बाबतीतही तेच होतं. रक्त पातळ राहत नाही आणि आयएनआरची वहीच नसल्यामुळे ते कळतही नाही. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलवाल्यांनाही लसूण-गिंकोच्या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

आणखी काही गोष्टी, ज्या विचारणारी पत्रं वारंवार येतात. पालेभाज्या सोडू नका. पालक, मेथी, शेपू, अळू यांत ‘के’ जीवनसत्त्व असतं आणि ते गोळीच्या उलट काम करतं, हे खरं. पण डोस तुमच्या नेहमीच्या ताटावर बसवलेला असतो, म्हणून दर आठवड्याला साधारण सारखंच खा. एकदम रोज गव्हांकुराचा रस किंवा शेवग्याच्या पानांची पूड सुरू करू नका. गुळवेलीबद्दल: २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. वाद चालू राहो, पण ज्याचं यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं आणि ज्याची गोळी त्याच कामात हात घालते, त्याने तो वाद स्वतःच्या शरीरावर मिटवू नये. ज्येष्ठमध रोज खाल्ल्याने रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण.

वैद्यांकडे जाऊ नका असं मी म्हणत नाही. बीएएमएस झालेल्या वैद्यांना गोळीचं नाव आणि शेवटचा आयएनआर दाखवा. जे गंभीरपणे काम करतात ते स्वतःच मागतील. जळवा लावायची गोष्ट निघाली तर स्पष्ट नकार द्या. जळूच्या लाळेत हिरुडिन नावाचं द्रव्य असतं, तेही रक्त गोठू देत नाही. गोळीवर असलेल्या माणसाला जळूचे चावे तासन्‌तास वाहत राहतात. जोरात रगडून मालिशही नको. आणि ‘लकवा शंभर टक्के बरा’ अशी जाहिरात जिथे दिसेल तिथून उठा. औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४च्या कायद्यात ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत पक्षाघात नावानिशी आहे. कोणत्याही पॅथीला.

रात्रीअपरात्रीसाठी हे फ्रिजवर चिकटवून ठेवा. काळी डांबरासारखी शौच, लाल लघवी, न थांबणारं नाकातलं रक्त, अचानक भयंकर डोकेदुखी, किंवा डोक्यावर पडणं, मग पडल्यावर माणूस ठणठणीत दिसला तरी: थेट रुग्णालय. तोंड वाकडं, हात गळणं, बोबडं बोलणं पुन्हा दिसलं तर १०८ला फोन, आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. ते द्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टर सीटी स्कॅनसोबत आयएनआरही बघतात, १.७च्या वर असेल तर सहसा देत नाहीत. त्या वेळी पाकिटात ठेवायला एक चिठ्ठी करा: गोळीचं नाव, डोस, शेवटचा आयएनआर, आणि त्याखाली ‘इतर’ असं लिहून काढा, चूर्ण, कॅप्सूल, सगळं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

भावालाही आज रात्री फोन करा, त्याच्या सवडीने. त्याला दोष देऊ नका; लांब बसलेल्या मुलाला काहीतरी पाठवल्याशिवाय झोप येत नाही. त्याला सांगा, कॅप्सूल नकोत. बाबांच्या हाताच्या व्यायामाला मऊ चेंडू लागेल, आणि फिजिओथेरपिस्टच्या महिन्याच्या फीचा काही भार त्याने उचलावा. आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉलवर बाबांना वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचायला लावायचं कामही त्याचं. शब्द अडला तर त्याने पुरवायचा नाही, थांबायचं.

पुढचा आयएनआर आला की मला कळवा.